चावी मागायची नसते

आमच्या गाडीला चावी आहे, पण ती घालायला कुठे भोक नाही. साबणाच्या वडीएवढा एक काळा तुकडा, त्यावर दोन बटणं. तो जवळ असला की गाडीला कळतं. दाराच्या हँडलवरचं बटण दाबलं की दार उघडतं, ब्रेकवर पाय ठेवून स्टिअरिंगशेजारचं गोल बटण दाबलं की इंजिन चालू. तो तुकडा खिशात असो, पर्समध्ये असो, नाहीतर पिशवीत मेथीच्या जुडीखाली असो, गाडीला सगळं चालतं. शोरूममधल्या बाईंनी हे फार कौतुकाने समजावून सांगितलं आणि शेवटी बाबांना विचारलं, "काका, कळलं ना?"

बाबा म्हणाले, "कळलं. म्हणजे चावी असली तरी दिसायची नाही, आणि नसली तरी कळायचं नाही."

मी हसले. बाबांच्या प्रत्येक कौतुकात एक बारीक तक्रार असते आणि तिच्याकडे लक्ष देत बसलं तर कामं होत नाहीत, असं माझं तेव्हाचं मत होतं.

बाबा ड्रायव्हर होते. चौतीस वर्षं सांताक्रूझच्या एका साहेबांकडे आणि साहेब गेल्यावर सहा वर्षं त्यांच्या मुलाकडे. आजोबा कोकणातून येऊन गिरणीत लागले होते, पण गिरणीचं काही खरं नाही हे ओळखून त्यांनी बाबांना आधी लायसन काढायला लावलं. चाळीस वर्षांत बाबांच्या हाताखालून नऊ गाड्या गेल्या. एकीचीही चावी कधी आमच्या घरात राहिली नाही.

साहेबांच्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघराच्या दारामागे एक हूक होता, त्यावर चावी असायची. सकाळी साडेआठला बाबा बेल वाजवून पायपुसण्यावर उभे राहायचे. आतून कामवाल्या बाई चावी आणून त्यांच्या हातावर ठेवायच्या. संध्याकाळी गाडी लावली की बाबा परत वर जाऊन चावी देऊन यायचे, मग स्टेशनकडे. लहानपणी सुट्टीत मी दोनदा त्यांच्याबरोबर गेले होते. एकदा आतली माणसं काहीतरी गडबडीत होती आणि चावी द्यायचं विसरली. आम्ही दोघं अर्धा तास दारात उभे. मी बाबांना म्हटलं, परत बेल वाजवा ना, मागा ना चावी. बाबा म्हणाले, "चावी मागायची नसते. दिली की घ्यायची."

हे ते चिडून म्हणाले नव्हते. वळायच्या आधी सिग्नल द्यायचा, तसाच हा एक नियम. असे आणखीही होते. मालक गाडीत असताना पंपावर जायचं नाही. आरशात बघायचं ते मागच्या गाड्यांकडे, मागच्या माणसांकडे नाही. जेवणाचा डबा गाडीत उघडायचा नाही, वास राहतो. मला हे सगळे नियम तोंडपाठ होते. ते त्या घरापुरते आहेत असं मी धरून चालले होते.

मी अंधेरीला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये सुपरवायझर आहे. लग्न केलं नाही, मुलुंडला आईबाबांबरोबर राहते. तोंड फटकळ आहे. लॅबमधल्या मुली मला घाबरतात आणि मला ते थोडंफार आवडतं, हे कबूल करायला हरकत नाही. गाडी घेतली ती आईसाठी. आईची किडनी गेली आणि आठवड्यातून तीनदा, सोमवार, बुधवार, शुक्रवार, घाटकोपरला डायलिसिस सुरू झालं. चार तास मशीनवर पडून झाल्यावर रिक्षात बसली की तिला गरगरायचं. पहिल्या महिन्यात ती दोनदा रस्त्यात उलटी करून बसली, तेव्हा मी ठरवलं की बस झालं, गाडी घेऊ. चालवायला बाबा होतेच. चौऱ्याहत्तर वय, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, डॉक्टरांनी गाडी चालवायला हरकत नाही म्हणून सांगितलेलं.

गाडीबरोबर दोन चाव्या मिळाल्या. आमच्या बिल्डिंगमध्ये गाड्या एकीमागे एक लावतात, त्यामुळे ज्याची त्याची चावी वॉचमनच्या केबिनमधल्या फळीवर टांगलेली असते. कुणाला बाहेर पडायचं असेल तर वॉचमन पुढची गाडी हलवतो. आम्हीही एक चावी तिथे टांगली. आणि आमची जागा नेमकी केबिनच्या भिंतीला लागून. भिंतीच्या अलीकडे गाडी, पलीकडे चावी. गाडीला वाटलं मालक शेजारीच उभा आहे. जो कोणी हँडलचं बटण दाबेल त्याला ती दार उघडून देऊ लागली. हे आधी बिल्डिंगच्या पोरांना कळलं. रविवारी सकाळी खाली जाऊन बघते तर पाचजणं आत बसून चिप्स खातायत.

मी दोन्ही चाव्या ताब्यात घेतल्या. वॉचमनला सांगितलं की आमची गाडी हलवायची तर इंटरकॉम करा. एक चावी रोजच्या वापराला, ती माझ्या टेबलावर. दुसरी माझ्या कपाटात, दागिन्यांच्या डब्यात, कुलपाआड. बाबांना म्हटलं, हरवली तर नवीन करून घ्यायला फार व्याप आहे, म्हणून ठेवते. हे खोटं नव्हतं, पण खरं कारण वेगळं होतं. बाबांना चावी दिली तर ते मला न सांगता गाडी घेऊन जातील आणि कुठेतरी ठोकतील, ही भीती मला होती. गाडी कधी निघणार आणि कधी नाही, हे माझ्या हातात असलेलं मला बरं वाटत होतं.

आमची पद्धत अशी बसली. सकाळी आठला मी चावी घेऊन खाली उतरायची, गाडीत बसले की दोन सीटच्या मधल्या खाचेत ती ठेवून द्यायची. आई पुढे, कारण तिला पाय लांब करायला जागा लागते. मी मागे, माझ्या शेजारी आईची पिशवी. पिशवीत शाल, फाईल, डबा, पाण्याची बाटली. ती सीटवर ठेवली की गाडीला वाटतं तिथे माणूस बसलाय, आणि बेल्ट लावा, बेल्ट लावा म्हणून टिंगटिंग चालू होतं. पहिल्या आठवड्यात आम्ही पिशवीला बेल्टही लावून बघितला, मग कंटाळलो. टिंगटिंग ऐकायची सवय झाली. घाटकोपरला मेट्रोच्या जिन्यापाशी मी उतरायची, चावी खाचेतच. बाबा आईला हॉस्पिटलला नेऊन दुपारी घरी आणायचे आणि चावी माझ्या टेबलावर ठेवून द्यायचे. मी घरात नसले तरी, टेबलावर, नेमकी त्याच कोपऱ्यात.

एकदा मेट्रोपाशी बाबांनी गाडी थांबवली आणि मी पर्स, छत्री, डबा गोळा करत मागे बसून राहिले. ट्रॅफिक हवालदाराने काचेवर टकटक केली. मला म्हणाला, "मॅडम, ड्रायव्हरला गाडी पुढे घ्यायला सांगा." मला उशीर झाला होता. मी काही बोलले नाही, दार उघडून उतरले. बाबांनी हवालदाराकडे बघून मान हलवली आणि गाडी पुढे घेतली. जिना चढताना मनाला जरा लागलं, पण वर मेट्रो आलेली दिसली आणि मी धावले.

त्यानंतर दोन महिन्यांनी, सोमवारी, ती गोष्ट झाली.

आदल्या दिवशी मी एकटी गाडी घेऊन बोरिवलीला मैत्रिणीकडे गेले होते. आल्यावर चावी पर्समध्येच राहिली. सोमवारी सकाळी आईला चक्कर आल्यासारखं वाटत होतं, तिला धरून खाली आणण्यात मी गुंतले. पर्स खांद्याला होती, म्हणून दारं उघडली. बाबांनी बटण दाबलं, गाडी चालू झाली. चावी बाहेर काढून खाचेत ठेवायची असते हे माझ्या डोक्यातही आलं नाही. जुन्या पद्धतीच्या गाडीत असं होऊच शकत नाही. तिथे चावी फिरवल्याशिवाय गाडी जागची हलत नाही, आणि फिरवली की ती तिथेच लटकत राहते, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर.

विक्रोळीला येईपर्यंत गॅसचा दिवा लागला होता. डाव्या हाताला सीएनजीचा पंप आला, रांगही लहान होती. बाबा न थांबता पुढे गेले. मला वाटलं, नंतर भरतील. घाटकोपरला मी उतरले, दार लावलं. गाडीने टिंगटिंग केलं. मी ऐकलं, बाबांनी ऐकलं, आईनेही ऐकलं असणार. मागच्या सीटवर पिशवी होतीच.

गाडी अशी बनवलीय की चावी बाहेर गेली म्हणून चालतं इंजिन बंद पडत नाही. चालत्या गाडीत ते धोक्याचं होईल. ती तुम्हाला आवाज करून सांगते आणि चालत राहते. पण एकदा बंद केलीत, की मग चावीशिवाय चालू होत नाही. बाबा मला सोडून वळले, उलट विक्रोळीच्या पंपावर आले, रांगेत लागले. पुढे दोन रिक्षा राहिल्या असताना रांग थांबली. बाबांनी इंजिन बंद केलं. रांगेत उभं राहून इंजिन चालू ठेवणाऱ्या माणसांचा त्यांना मनापासून राग येतो.

फोन आला तेव्हा मी अंधेरीला मेट्रोचा जिना उतरत होते.

"गाडी चालू होत नाही," बाबा म्हणाले. "चावी नाही म्हणते."

"खाचेत बघा."

"नाही खाचेत."

"नाही म्हणजे काय? खाली पडली असेल, सीटखाली बघा. आईच्या पायाशी बघा."

"बघितलं."

"नीट बघितलं का? आईच्या डायलिसिसला किती वेळ राहिलाय?"

"पाऊण तास."

आईचा बेड पाऊण तासाने दुसऱ्याला देतील, आज मशीन चुकलं तर तिच्या छातीत पाणी साठेल, हे सगळं माझ्या डोक्यात एकदम आलं. लॅब उघडायची होती, तिथे बारा माणसं रिकाम्यापोटी बसली असणार होती, तेही आलं. आणि मी जिन्याच्या मधोमध उभी राहून ओरडले, "चाळीस वर्षं गाडी चालवलीत आणि एक चावी सांभाळता येत नाही तुम्हाला? जमत नसेल तर तसं सांगा ना. मी ड्रायव्हर ठेवते!"

बाबा नेहमी फोन स्पीकरवर टाकून बोलतात. त्यांना कानाशी धरलेला फोन ऐकू येत नाही. मला हे माहीत होतं.

मागे पंपावरचा गलका ऐकू येत होता. मग बाबा म्हणाले, "चूक झाली. परत नाही होणार."

हा आवाज मी ओळखत होते. आमच्या चाळीत शेजाऱ्यांकडे फोन होता. साहेबांचा फोन आला की बाबा जायचे आणि मी त्यांच्यामागे जाऊन दारात उभी राहायचे. कधी विमानतळावर पोहोचायला उशीर झालेला असायचा, कधी गाडीला ओरखडा आलेला असायचा, तो दुसऱ्या कोणी काढलेला असला तरी. बाबा रिसीव्हर दोन्ही हातांनी धरून हेच चार शब्द इकडेतिकडे करून म्हणायचे. आमच्याशी ते कधी या आवाजात बोलले नव्हते. आम्ही पोरं चुकलो तर ते बोलायचे, ते स्वतः चुकले तर हसून सोडून द्यायचे.

मी फोन ठेवायला पर्स उघडली. चावी आत होती, रुमालाच्या वर.

परतीच्या मेट्रोत मी उभीच राहिले, जागा असूनही. दोनदा फोन लावला, बाबांनी घेतला नाही. मग आईचा आला. ती घाईघाईत होती. "मी पोचले, बेड मिळाला. एक रिक्षावाला चांगला होता, त्याने रांग सोडून मला आणलं. बाबांना म्हटलं, तुमी हंय रवा, मी जातंय. आणि हे बघ, त्यांना आणखी काही बोलू नकोस."

"आई, चावी माझ्याकडे होती."

"म्हणजे?"

"माझ्या पर्समध्ये."

"मग तूच सांग त्यांना," आई म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

डायलिसिसला जायला लागल्यापासून आई पहिल्यांदाच एकटी गेली होती. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात सुईसाठी शीर तयार केलेली, त्या हाताने काही उचलायचं नसतं.

पंपावर पोहोचले तर बाबा गाडीशेजारी उन्हात उभे. पाठ ताठ, हात समोर एकावर एक. आत बसायला काही हरकत नव्हती, पण बंद गाडीत ते कधी बसत नाहीत. गाडी रांगेच्या मध्ये अडकून होती. ढकलावी तर स्टिअरिंग लॉक झालेलं, तेही चावीशिवाय सुटत नाही. रिक्षांनी तिच्या बाजूने वळसा घालून नवी रांग केली होती. मी जवळ गेले, पर्ससकट आत बसले, बटण दाबलं. गाडी लगेच चालू झाली, काही झालंच नाही अशी.

गॅस भरणारा माणूस हसत म्हणाला, "मॅडम, ड्रायवर को चाबी देके जाने का ना. बुढ्ढा आदमी, एक घंटे से धूप में खडा है."

"वडील आहेत माझे," मी म्हटलं. हे वाक्य मी दोन महिने उशिरा म्हटलं आणि चुकीच्या माणसाला म्हटलं.

गॅस भरून झाल्यावर बाबा ड्रायव्हरच्या सीटवर बसले. मी चावी खाचेत ठेवली आणि त्यांच्या शेजारी बसले. विक्रोळीचा पूल आल्यावर मी तोंड उघडलं.

"बाबा, चावी माझ्याकडे होती."

"हां. गाडी चालू झाली तेव्हाच कळलं."

"मी काहीतरीच बोलले."

"असू दे. गाडी नवीन आहे, व्हायचंच."

त्यांनी विषय संपवला होता. मलाच राहवेना. "पण तुमच्या लक्षात कसं नाही आलं? रोज खाचेत असते ती."

"लक्षात आलं होतं."

"कधी?"

"सकाळीच. मुलुंडला गाडी काढताना. खाच रिकामी होती. म्हटलं, तुझ्या पर्समध्ये असणार."

"मग? उतरताना मागायची ना माझ्याकडे!"

बाबांनी आरशात बघितलं, डावीकडचा सिग्नल दिला, लेन बदलली. मग शांतपणे म्हणाले, "चावी मागायची नसते."

त्यांनी मला टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. टोमण्याला उत्तर देता येतं, त्यात मी पटाईत आहे. पण ते मला फक्त कारण सांगत होते. मी चावी ठेवली नाही म्हणजे मालकांचा काही नवीन बेत असेल, विचारणं आपलं काम नाही, गाडी चालतेय तोवर चालवावी. मग मला पंपही आठवला. गॅसचा दिवा लागलेला असताना ते पंप मागे टाकून पुढे आले होते, कारण मी गाडीत होते. टेबलाच्या त्याच कोपऱ्यात रोज दुपारी ठेवलेली चावी आठवली. चार महिने मी माझ्या बापाला रोज सकाळी चावी देत होते आणि रोज संध्याकाळी परत घेत होते. आणि त्यांना त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. मला लाज वाटली. इतकी की घाटकोपर येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत बसले, कारण रडताना मी फार वाईट दिसते आणि बाबा गाडी चालवत होते.

त्या संध्याकाळी मी कपाटातून दुसरी चावी काढली आणि बाबांच्या हातात दिली. ते टीव्हीवर बातम्या बघत होते.

"ही तुमची."

"माझी कशाला? तू देतेस ना रोज."

"आता नाही देणार."

"मग गाडी कशी काढू?"

"हिच्याने. तुम्हाला पाहिजे तेव्हा."

बाबांनी ती उलटीसुलटी करून बघितली, बटणांवरून अंगठा फिरवला. मग आईकडे वळून म्हणाले, "खंय ठेवू गो ही?" आई म्हणाली, "खिशात ठेवा. आणखी खंय ठेवतत चावी?" बाबा उठले, आत जाऊन शर्टाच्या खिशात ठेवून आले, पाच मिनिटांनी परत जाऊन बघून आले. रात्री झोपताना विचारलं, "खिशात ठेवली तर बिघडणार नाही ना? मोबाईलशेजारी चालते ना?" मी म्हटलं, चालते. दीड-दोन वर्षांनी आतला सेल बदलावा लागतो, रुपयाएवढा असतो, घड्याळवाल्याकडे मिळतो. हे त्यांनी नीट ऐकून घेतलं.

पुढचा आठवडाभर काही बदललं नाही. सकाळी आठला ते दारात उभे राहून "काढू ना गाडी?" असं विचारायचे. मी म्हणायची, "मला काय विचारता?" माझ्या आवाजात चीड असायची. ती जायला वेळ लागेल, असं दिसतं.

मग रविवार आला. दुपारी जेवून मी जरा आडवी झाले. उठून बघते तर घरात कोणी नाही. आईची चप्पल नाही, बाबांची नाही. बाबांचा मोबाईल टीव्हीशेजारी चार्जिंगला. गॅलरीतून खाली बघितलं. केबिनच्या भिंतीलगतची जागा रिकामी.

मी तशीच खाली धावले. वॉचमन म्हणाला, "दोघंही गेले. काका म्हणाले काही नाही, हात दाखवला फक्त." आईचा फोन लावला, तो तिने नेहमीप्रमाणे सायलेंटवर ठेवलेला. रविवारी हॉस्पिटल नसतं. आईला काही झालं म्हणून नेलं असेल तर मला उठवलं असतं. नसेल उठवलं तर? मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांना उन्हात नीट दिसतं का, हे मी डॉक्टरांना विचारलं होतं का? मी गेटपाशी उभी राहिले. आधी घाबरले, मग चिडले, मग त्यांना काय काय सुनवायचं त्याची मनातल्या मनात यादी केली. एक तास गेला, दीड गेला. यादी लांबत गेली.

सव्वापाचला गाडी गेटातून आत आली. शांतपणे, काचा खाली. बाबांनी एका फटक्यात मागे घेऊन ती भिंतीलगत लावली, हातभर जागा सोडून. आई उतरली. तिच्या हातात भाजलेल्या शेंगांची पुडी होती. तिला शेंगा चालत नाहीत, पण मी त्यावर नंतर बोलायचं ठरवलं.

"कुठे गेला होतात?"

"खंय नाय," बाबा म्हणाले.

"कुठे नाही म्हणजे? दोन तास!"

आई हसायला लागली. तिला इतकं हसताना मी बऱ्याच महिन्यांत बघितलं नव्हतं. "अगो, आम्ही नुसतेच भायर पडलो. गांधीनगरच्या सिग्नलला गाडी थांबली. हे मला विचारतात, खंय जावया? मी म्हटलं, तुमका व्हया थंय. तर यांना काही सुचेचना. सरळ गेलं तर हॉस्पिटल, ते तर रोजचंच. डावीकडे हायवे, उजवीकडे पवई. हिरवा झाला, हे आपले विचार करतायत. परत लाल झाला. परत हिरवा झाला."

मी बाबांकडे बघितलं. ते गाडीला फेरी मारून चारही दारं लागल्येत की नाही ते ओढून बघत होते. चाळीस वर्षं हा माणूस मुंबईभर फिरला, मला कुठला रस्ता कुठे निघतो ते त्यांनीच शिकवलं. पण कुठे जायचं ते दरवेळी मागच्या सीटवरून कोणीतरी सांगितलेलं. साहेबांनी, त्यांच्या मुलाने, मग मी.

"मग?" मी विचारलं. माझी सगळी यादी कुठे गेली होती कोण जाणे.

"मग आरे कॉलनीत गेलो," आई म्हणाली. "झाडाखाली गाडी लावून बसलो. काही नाही केलं."

बाबा शेवटचं दार बघून आले. चावी खिशात टाकली आणि वरून खिसा चाचपला.

"सिग्नलला मागचे सगळे हॉर्न मारीत होते," ते मला म्हणाले. "म्हटलं, मारू देत."